मधल्या रंगाची जबाबदारी



वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे आंब्याचे दिवस. संगणकावरच्या व्हेक्टर चित्रात एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणारी छटा, म्हणजे ग्रेडियंट, हा आजचा विषय. त्याची सुरुवातही मी आंब्यापासूनच करतो. अढीत पिकू लागलेला एक आंबा हातात घ्या. टोकाकडे अजून हिरवा, पोटाशी पिवळा, देठाजवळ लाली. हिरवा कुठे संपला आणि पिवळा कुठे लागला, तिथे बोट ठेवता येत नाही. हे संगणकावर कसं उतरवायचं?

आधी मांडणी समजून घेऊ. फोटोत प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवलेला असतो. व्हेक्टर चित्रात नुसती कृती लिहिलेली असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, निघताना हा रंग, पोचताना तो. २००१ साली प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या खुल्या स्वरूपात वाटेवरच्या प्रत्येक ठरवलेल्या रंगाला ‘स्टॉप’ म्हणतात. आपण थांबा म्हणू. प्रत्येक थांब्याची जागा ० ते १ मधल्या आकड्याने सांगतात. दोन थांब्यांमधला प्रवास सॉफ्टवेअर स्वतः मोजतं, म्हणून तेच चित्र बिल्ल्यावर छापा किंवा होर्डिंगवर, कृती बदलत नाही.

आता करून पाहू. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. आंब्याचा आकार काढून त्यात हिरवा भरा. ‘जी’ कळ दाबा आणि टोकापासून देठापर्यंत माउस ओढा. देठाकडचं टोक आपोआप पारदर्शक होईल. त्याला लाल रंग द्या. दोन्ही टोकं सुरेख दिसतील. आता मध्यावर नजर टाका. तिथे पिवळा नाही, मळकट शेवाळी रंग आहे.

हे का होतं? लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे लिहिले, तर पूर्ण हिरवा म्हणजे ०, २५५, ०. पूर्ण लाल म्हणजे २५५, ०, ०. सॉफ्टवेअर सरासरी काढतं: १२८, १२८, ०. हा पिवळाच आहे, पण काळवंडलेला. संगणकातले हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. आपल्या डोळ्याला अंधारातले बारीक फरक अधिक जाणवतात, म्हणून मोजपट्टी मुद्दाम वाकवलेली असते. १२८ हा आकडा २५५च्या निम्मा, पण पडद्यावर उजेड पडतो पूर्ण उजेडाच्या जेमतेम २२ टक्के. निम्मा उजेड हवा असेल, तर आकडा १८८च्या आसपास लागतो. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा घेतलात, तर सरासरी १२८, १२८, १२८, म्हणजे चक्क राखाडी. शाळेत निळ्यात पिवळा कालवून हिरवा केलेल्या मुलाला हे पटणारच नाही.

उपाय साधा आहे. ग्रेडियंटच्या रेषेवर मधोमध दोनदा क्लिक करा. नवा थांबा येईल, तोच मळका रंग घेऊन. त्याला आंब्याचा पिवळा द्या आणि खरा आंबा शेजारी ठेवून थांबा मागेपुढे सरकवा. मग चकाकीसाठी वर एक वर्तुळाकार ग्रेडियंट ठेवा: मध्यभागी पांढरा, कडेला पारदर्शक. तो पारदर्शकही पांढराच हवा. पारदर्शक काळा ठेवलात, तर चकाकीभोवती राखाडी कडं उमटतं.

अवजारं सुधारत आली आहेत. व्हेक्टर चित्रांचं इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर १९८७ साली आलं. १९९८च्या आवृत्तीत जाळीच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देणारा ग्रेडियंट मेश मिळाला. २०२० साली ब्यॉर्न ऑटोसन यांनी ओकेलॅब ही रंगमांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात काढलेली सरासरी डोळ्याच्या अनुभवाच्या पुष्कळ जवळ जाते. तरीही आंबा पाहून पिवळा कुठे ठेवायचा, हे आपणच ठरवायचं.

मधला प्रवास मोजण्याचा धडा मला एका फ्लेक्सने दिला. जत्रेसाठी दहा फूट लांबीचं आकाश केलं होतं, एका निळ्यातून जेमतेम फिक्या निळ्यात जाणारं. पडद्यावर मऊशार दिसलं. छापून आलं तेव्हा आकाशात वीतभराच्या आतबाहेरचे पट्टे उभे होते. हिशेब सोपा होता: दोन निळ्यांत आकड्यांचा फरक होता साधारण वीस पायऱ्यांचा, आणि त्या एकशेवीस इंचांवर पसरल्या होत्या. एकेक पायरी सहा इंचांची झाली. तेव्हापासून मी आधी लांबी विचारतो, मग पायऱ्या मोजतो, आणि फरक कमी वाटला तर रंग आणखी दूर नेतो.

डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. टोकाचे दोन रंग कुणीही निवडतं. गिऱ्हाइकही तेवढेच सांगून जातं. त्या दोघांमधली जागा मात्र कुणी मागत नाही, म्हणून ती यंत्रावर सोडली जाते, आणि चित्र नेमकं तिथेच मळतं. फाइल छपाईला पाठवण्याआधी दोन्ही टोकं दोन हातांनी झाका आणि उरलेला मधला भाग पाहा. तो एकटाही बघावासा वाटला, तर पाठवा.