प्रौढांचे पुढील शिक्षण आणि आर्थिक साहाय्य
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



शाळेतील मुलांच्या शिष्यवृत्त्यांची माहिती आपणांस तोंडपाठ असते. परंतु ज्यांची शाळा पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुटली आणि ज्यांना आता पुन्हा शिकावयाचे आहे, अशा मोठ्या माणसांनी पैशाची सोय कशी करावी, हे सांगणारा गावात सहसा कोणी नसतो. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यास हात देण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यास परकी नाही. मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेले गोपाळराव १८७५ साली बडोद्यास दत्तक गेले आणि पुढे महाराज सयाजीराव गायकवाड म्हणून विख्यात झाले. १९१३ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील अध्ययनासाठी शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेब त्या वेळी पदवीधर होते, विवाहित होते, आणि घरची स्थिती बेताची होती. त्या साहाय्याचे फळ साऱ्या देशाने पाहिले.

आज शिक्षणाची दारे उघडी आहेत. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था अस्तित्वात आली. तिच्या दहावी-बारावीच्या परीक्षांस वयाची वरची मर्यादा नाही, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग यांस शुल्कात सवलत आहे. राज्य मंडळाची परीक्षा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने देता येते, हे आपण जाणताच. मग अडते कोठे? माझ्या मते ते तीन पायऱ्यांवर अडते.

पहिली पायरी कागदपत्रांची. प्रौढ विद्यार्थ्यास प्रथम लागतो तो शाळा सोडल्याचा दाखला. आणि तो आपल्याच कपाटातील दाखलखारीज रजिस्टरात असतो. विवाहित भगिनींचे माहेरचे नाव दाखल्यावर, तर सासरचे नाव आधारपत्रावर व बँकेच्या पुस्तकावर असते. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद लागते. ही जुळणी अर्जाच्या शेवटच्या दिवशी होत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची तयारी प्रवेशाच्या आधीच करावी.

दुसरी पायरी दहावीची, आणि सर्वांत कठीण हीच आहे. शासनाची शालान्तोत्तर शिष्यवृत्ती नावाप्रमाणेच दहावीनंतर सुरू होते. म्हणजे ज्याने दहावीही ओलांडली नाही आणि ज्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्या वाट्यास ती येत नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणाऱ्या भगिनीच्या बढतीच्या वाटेत शिक्षणाची अट उभी राहते. परंतु त्या वाटेवरील पहिल्या परीक्षेचे शुल्क तिला आपल्या पदरचेच भरावे लागते. येथे गावानेच पुढे झाले पाहिजे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी व ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. यातून परीक्षार्थींचे शुल्क वा पुस्तके देता येतील काय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांस विचारावे व विषय ग्रामसभेपुढे मांडावा. तोवर भगिनींच्या बचत गटातील अंतर्गत कर्जाचाही आधार घेता येतो.

तिसरी पायरी दहावीनंतरची. येथे योजना अनेक आहेत. पण त्या निरनिराळ्या खात्यांत विखुरलेल्या आहेत. शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचे असतात. अनुसूचित जातींच्या शालान्तोत्तर शिष्यवृत्तीस कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतील आदिवासी बांधवांस नाशिक व कळवण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत विचारणा करता येते. आणखी एक योजना पुष्कळांस ठाऊक नसते. इमारत बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या दोन अपत्यांस पदवीसाठी प्रतिवर्षी २०,००० रुपये साहाय्य आहे, आणि ते कामगाराच्या पत्नीसही मिळू शकते. गावातील किती गवंड्यांच्या घरी ही वार्ता पोचली आहे?

मात्र दोन सावधगिरीचे शब्द सांगतो. योजना दूरशिक्षणास किंवा नोकरी करणाऱ्या व्यक्तीस लागू आहे की नाही, हे त्या योजनेच्या अटीत वाचल्यावाचून कोणासही आश्वासन देऊ नये. अभ्यासकेंद्रावर विचारूनच सांगावे. दुसरे असे की, शुल्क आधी भरावे लागते आणि शिष्यवृत्ती पुष्कळदा मागाहून खात्यात येते. ‘शिष्यवृत्ती आहे’ एवढ्याच भरवशावर प्रवेश घेतलेला माणूस दुसऱ्या हप्त्यास अडतो, निराश होतो, आणि दुसऱ्यांदा सुटलेली शाळा बहुधा कायमचीच सुटते. म्हणून पहिल्या वर्षाच्या शुल्काची तजवीज निराळी ठेवावी, हे प्रवेशापूर्वीच स्पष्ट सांगावे. तसेच, अर्ज मंजूर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून त्यास सावध करावे.

आपल्यावर कामाचा भार थोडा नाही, याची मला जाणीव आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रमात आपण प्रौढांस अक्षरओळख करून देत आहात. त्या कार्यक्रमात निरंतर शिक्षणाचाही समावेश आहे. तेव्हा जे लिहू-वाचू लागले त्यांस पुढची वाट दाखविणे हे त्याच कामाचे उत्तरांग होय. त्यासाठी माझी विनंती लहान आहे. प्रत्येक शाळेत एक साधी वही ठेवावी. शिक्षण अर्धवट राहिलेल्या, पण शिकण्याची इच्छा असलेल्या माणसाचे नाव, सुटलेली इयत्ता, हाती असलेले दाखले, नसलेले दाखले, लागू होऊ शकणारी योजना आणि अर्जाची अंतिम तारीख एवढीच नोंद त्यात असावी. महिन्यातून एकदा ती वही उघडावी. वर्षाकाठी एका गावातून दोन माणसे जरी परीक्षेस बसली, तरी ती वही सार्थकी लागली असे मी समजेन.

आई रात्री अभ्यास करते असे ज्या घरात मूल पाहते, त्या घरातील मुलाच्या हजेरीची चिंता आपणांस फारशी करावी लागणार नाही. हे काम आपल्या शाळेचेच आहे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.