राज्यसेवा परीक्षा आणि परप्रांतातील मराठी मुले

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात नाटक आणि संगीत यांच्या जोडीला मुलांच्या भवितव्याचा विषयही आपण ठेवलात, याचा आम्हांस विशेष संतोष वाटतो. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना ठिकठिकाणच्या मंडळांत एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘आमच्या मुलांना महाराष्ट्राच्या राज्यसेवा परीक्षेस बसता येईल का?’ उत्तर सरळ आहे. बसता येईल. परंतु बसणे आणि उत्तीर्ण होणे यांच्या मध्ये एक पायरी आहे व नेमकी तीच आपल्या घरांतून दुर्लक्षिली जाते. तिच्याकडे लक्ष वेधावे, एवढाच आजचा हेतू.

राज्यघटनेच्या ३१५ व्या अनुच्छेदाने संघासाठी आणि राज्यांसाठी लोकसेवा आयोगांची तरतूद केली आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग १ मे १९६० पासून, म्हणजे राज्याच्या जन्मापासूनच, काम करीत आहे. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, गटविकास अधिकारी इत्यादी पदांसाठी तो ही परीक्षा घेतो. उमेदवार भारताचा नागरिक व पदवीधर असावा. खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३८ वर्षे आहे. आरक्षणाचे लाभ मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरतेच असल्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांना खुल्या प्रवर्गातूनच स्पर्धा करावी लागेल. आणखी एक अट जाहिरातीत असते व ती वाचूनही कोणी थांबत नाही : मराठीचे ज्ञान आवश्यक.

परीक्षेचे टप्पे तीन. पहिली पूर्व परीक्षा. तीत प्रत्येकी २०० गुणांच्या दोन वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका असतात. पहिली सामान्य अध्ययनाची. दुसरी आकलन, तर्क व अंकगणित यांची, आणि तीत ३३ टक्के मिळविले म्हणजे पुरे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने खुणा करण्याची सवय येथे महागात पडते. ही परीक्षा केवळ चाळणी होय. तिचे गुण अंतिम यादीत धरीत नाहीत.

दुसरा टप्पा मुख्य परीक्षेचा. २०१२ पासून ही परीक्षा बहुतांशी वस्तुनिष्ठ झाली होती. संघ लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर ती वर्णनात्मक करण्याचे ठरले तेव्हा तयारीला वेळ मिळावा म्हणून २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्यात आली. नव्या रचनेत नऊ प्रश्नपत्रिका आहेत. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार आणि एका वैकल्पिक विषयाच्या दोन अशा सात प्रश्नपत्रिकांना प्रत्येकी २५० प्रमाणे १७५० गुण. तिसऱ्या टप्प्यातील मुलाखतीला २७५. एकूण २०२५. उरलेल्या दोन प्रश्नपत्रिका मराठी व इंग्रजी या भाषांच्या, प्रत्येकी ३०० गुणांच्या. त्यांचे गुण बेरजेत येत नाहीत. प्रत्येकीत २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळाले की काम झाले. पण ते न मिळाले तर बाकीच्या सात उत्तरपत्रिकांचा काही उपयोग नाही.

मघाशी जिचा उल्लेख केला ती पायरी हीच. केंद्राच्या परीक्षेतही भारतीय भाषेची अशी प्रश्नपत्रिका असते, परंतु तेथे आठव्या अनुसूचीतील भाषांतून निवड करता येते. दिल्लीत वाढलेला आपला मुलगा तेथे हिंदी घेऊन सहज पार पडतो. महाराष्ट्राच्या परीक्षेत ती मुभा नाही. तेथे मराठीच लिहावी लागते. आणि आपल्या घरांतील मराठीचे स्वरूप आपणांस ठाऊक आहे. शाळेत इंग्रजी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि मराठी ती आजीशी व स्वयंपाकघरात. ती गोड असते, अस्सलही असते. पण तिला कागदाची सवय नसते. उताऱ्याचा सारांश लिहा, इंग्रजी परिच्छेदाचे भाषांतर करा, अमुक विषयावर निबंध लिहा, असे सांगितले की मुलांची लेखणी अडते. ऱ्हस्वदीर्घ तर दूरच. जोडाक्षरे आठवता आठवता वेळ संपतो.

ही अट जाचक आहे, अशी तक्रार आम्ही ऐकली आहे. आम्हांस ती पटत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीतून चालावा असे ठरविले. तहसीलदारासमोर येणारा शेतकरी सातबारा घेऊन येतो. फेरफाराची तक्रार, पिकांची पैसेवारी, नुकसानीचा पंचनामा हे सारे मराठीत असते. ज्याला ‘फेरफार’ म्हणजे काय ते कळत नाही, त्याने त्या शेतकऱ्याच्या जमिनीचा निवाडा कसा करावा? इतर राज्येही हेच करतात. गुजरातेत गुजरातीची, कर्नाटकात कन्नडची, मध्य प्रदेशात हिंदीची प्रश्नपत्रिका द्यावीच लागते. तेव्हा आपण ज्या राज्यात राहतो तेथील सेवेचा मार्गही मुलांना खुला आहे, आणि तेथे कदाचित ती अधिक सहजतेने जातील, हेही लक्षात ठेवावे. नोकरी कोणत्या राज्यात करावी हा निर्णय मुलांचा. मराठीच्या मार्गावर दार लावले जाऊ नये, ही जबाबदारी मात्र आपली.

अभ्यासक्रमासंबंधी दोन शब्द. केंद्र व राज्य यांच्या परीक्षांचा सामान्य अध्ययनाचा गाभा आता पुष्कळसा सारखा आहे : इतिहास व भूगोल, राज्यघटना व शासनव्यवहार, अर्थव्यवस्था व पर्यावरण, आणि नीतिशास्त्र. त्यामुळे एकाच तयारीवर दोन्ही परीक्षा देता येतात. फरक आहे तो महाराष्ट्राच्या भागाचा. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी स्थापिलेला सत्यशोधक समाज, कृष्णा-गोदावरीची खोरी, १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा, यांविषयी परप्रांतातील शाळेत फारसे शिकविले जात नाही. यावर उपाय सोपा आहे. बालभारतीची पाचवी ते बारावीपर्यंतची इतिहास-भूगोलाची मराठी पुस्तके संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. ती वाचल्याने विषय आणि भाषा असा दुहेरी लाभ होतो.

मोहाचेही भान असावे. जागा काही शे निघतात आणि अर्ज लाखाच्या वर येतात. पुण्यास खोली घेऊन वर्षांमागून वर्षे घालविणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पदवीबरोबर पोटापाण्याचे दुसरे साधन हाती ठेवावे, प्रयत्नांची मर्यादा आधी ठरवावी आणि मगच या वाटेला लागावे. पूर्व परीक्षेची केंद्रे महाराष्ट्रातच असतात, तेव्हा प्रवासाचा व मुक्कामाचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव केला, नाटके बसविली, मराठी कानांवर पडत राहील याची काळजी घेतली. आता ती हाताखालून जावी, अशी व्यवस्था करावी. दर रविवारी दोन तासांचा लेखनवर्ग असावा. एका रविवारी अग्रलेखाचा सारांश, दुसऱ्या रविवारी भाषांतर, तिसऱ्या रविवारी निबंध, आणि चौथ्या रविवारी तपासलेल्या वह्यांतील चुकांची चर्चा. शिकविण्यास निवृत्त शिक्षक आपल्यातच आहेत आणि हे सभागृह रविवारी सकाळी रिकामेच असते. आठवीनववीच्या वयात हा वर्ग सुरू झाला तर पदवीपर्यंत सात-आठ वर्षे हाती मिळतात. त्यांतील एखादेच मूल तहसीलदार होईल, कदाचित एकही होणार नाही. पण पंचाहत्तर गुणांपुरती मराठी लिहिता न आल्यामुळे आपल्या मंडळातील कोणा मुलाची वाट अडली, असे यापुढे होऊ नये. वर्गाच्या पहिल्या वह्यांचा खर्च आम्ही करू. नावे आजच चिटणीसांकडे नोंदवावीत, ही विनंती.