दात कशाने घासता, हे विचारा



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा कार्यवाहांच्या अहवालात छापलेला आहे, म्हणून माझा वेळ मी एकाच विषयाला देतो. गरोदरपणी आईच्या शरीरात जाणारे नशेचे पदार्थ पोटातल्या बाळाच्या मेंदूचे काय करतात, हा तो विषय. त्यातही मला बोलायचे आहे ते मिश्रीबद्दल. दारूचा, गांजाचा विषय निघाला की आपण सावध होतो. मिश्री मात्र आपल्या डोळ्यांदेखत घरोघर चालते आणि आपल्या कागदांवर ती कुठेच नसते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची नावनोंदणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी होते. मग परिचारिका विचारते, "काही व्यसन वगैरे आहे का?" बाई मान हलवते आणि 'नाही' अशी नोंद होते. ती बाई खोटे बोललेली नसते. तिची आई, सासू, जावा पहाटे उठल्या की अंगणाच्या कडेला बसून मिश्री लावतात. लहानपणी दात घासायला म्हणून तिच्याही बोटावर कोणीतरी ती ठेवलेली असते. तिच्या लेखी हे दात घासणेच आहे. पुढे दाढ दुखते म्हणून, परसाकडला साफ होत नाही म्हणून, भूक मरते म्हणून दिवसातून चार-चार, पाच-पाच वेळा बोट हिरडीवर फिरू लागते. आणि दिवस राहिले की मळमळ थांबते म्हणून ते आणखी वाढते.

मिश्री म्हणजे नुसती तंबाखू. शहरात वाढलेल्या आपल्या तरुण सहकाऱ्यांपैकी अनेकांनी ती भाजताना पाहिलेली नसेल, म्हणून सांगतो. तंबाखूचे पान तापलेल्या तव्यावर टाकतात, ते करपून काळे होईपर्यंत हलवतात, मग चुरून त्याची भुकटी करतात आणि डबीत भरतात. भाजताना उठणारा धूर सगळ्या घरात कोंडतो, ठसका लागतो, शेजारच्या घरालाही कळते. त्या वेळी चुलीपाशी बहुधा घरातली तरुण सून बसलेली असते आणि पुष्कळदा तिच्या पोटात बाळ असते. टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालायला १९९२ पासून आपल्या देशात बंदी आहे. मिश्री बाजारात तंबाखू म्हणून विकली जाते आणि घरात दंतमंजन म्हणून वापरली जाते, त्यामुळे ती बंदी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

मिश्रीचा बाळावर परिणाम होतो, हे आपल्याला आज कळलेले नाही. तंबाखू खाणाऱ्या आपल्याकडच्या गरोदर स्त्रियांवर डॉ. के. कृष्णा यांचा निबंध १९७८ मध्येच ब्रिटनच्या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. पुढे डॉ. प्रकाश गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. तंबाखू वापरणाऱ्यांतल्या बहुतेक स्त्रिया मिश्री लावणाऱ्याच होत्या. त्याच अभ्यासगटात मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण तंबाखू न वापरणाऱ्यांत शंभरात तीनच्या आसपास होते, वापरणाऱ्यांत ते नऊच्या आसपास गेले. हे आकडे आपल्या भूमीतले, आपल्या बायकांचे आहेत. आपल्या किती दवाखान्यांत ते भिंतीवर लावलेले आहेत?

वजन तराजूवर दिसते. मेंदूला तराजू नाही, म्हणून तिथे काय होते ते थोडे सविस्तर सांगतो. गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मेंदू आणि मज्जारज्जू यांची नलिका मिटते. तोवर पुष्कळ बायकांना पाळी चुकल्याची खात्रीही झालेली नसते. पुढच्या काही महिन्यांत मेंदूच्या पेशी प्रचंड वेगाने वाढतात, आपापल्या थरापर्यंत प्रवास करतात, एकमेकींशी जोडल्या जातात. वाढणे कधी थांबवायचे आणि जोडायला कधी लागायचे, हे सांगणाऱ्या इशाऱ्यांत अॅसिटिलकोलिन हे एक महत्त्वाचे रसायन आहे. ते ज्यांना चिकटते ते ग्राहक गर्भाच्या मेंदूत अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच तयार झालेले असतात. निकोटिन नेमके त्याच ग्राहकांना चिकटते. ते वारेतून सहज पार जाते आणि बाळाकडचे त्याचे प्रमाण आईच्या रक्ताइतके, कधी त्याहून जास्तही भरते. मृगाआधी वळवाची जोरदार सर यावी, शेतकऱ्याने पाऊस लागला समजून पेरावे आणि मग उघडीप पडावी, तसे त्या पेशींचे होते. वाढायचे सोडून त्या वेळेआधी पुढच्या कामाला लागतात आणि संख्येने कमी पडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. शिवाय निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे जाणारे रक्त कमी होते, ते निराळेच.

विदर्भातल्या मित्रांना वेगळे सांगायला नको की मी मिश्रीबद्दल जे म्हणतो तेच खर्र्याला लागू आहे. खर्र्यात तंबाखूच्या जोडीला सुपारी असते आणि सुपारीतले अरेकोलीनही बाळापर्यंत पोचते.

मेंदूची इजा चेहऱ्यावर दिसतेच असे नाही, हे समजायला दारूचा इतिहास आपण सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमोआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू पिणाऱ्या पालकांची १२७ मुले तपासली आणि १९६८ मध्ये त्यांचे वर्णन छापले. ते छापले एका प्रादेशिक फ्रेंच नियतकालिकात, आणि जगाने तिकडे पाहिलेही नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी 'लॅन्सेट'मध्ये आठ मुलांबद्दल लिहिले, तेव्हा त्या विकाराला नाव मिळाले. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ. हा चेहरा पाठ्यपुस्तकात आला आणि आपण तोच शोधत बसलो. पण गर्भात दारू पोचलेल्या बहुतेक मुलांचा चेहरा असा नसतो. चेहरा घडण्याचा काळ थोड्या आठवड्यांचा, मेंदू घडण्याचा काळ नऊ महिन्यांचा. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पूल, लहान मेंदू, विचार आवरून धरणारा पुढचा भाग, या सगळ्यांना दारू इजा करते. असे मूल दिसायला चारचौघांसारखे असते. शाळेत काल शिकवलेले त्याला आज आठवत नाही, चुकीतून ते शिकत नाही, आणि गुरुजी त्याला हूड म्हणतात. गरोदरपणात दारूचे अमुक इतके प्रमाण चालते, असे म्हणायला शास्त्रात आधार नाही. 'थोडी चालेल' हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्याही तोंडून निघू नये.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिथे येतो. एवढे सगळे ऐकल्यावर डॉक्टरच्या मनात पहिली भावना येते ती आईबद्दलच्या रागाची. ती आवरली पाहिजे. न आवरल्यास काय होते, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे. १९८५ नंतर तिथे कोकेन घेणाऱ्या आयांच्या बाळांबद्दल एवढे भय पसरले की एक आख्खी पिढी मतिमंद निघणार असे वर्तमानपत्रे लिहू लागली. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन इथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात गरोदर स्त्रियांची लघवी त्यांना न विचारता तपासून पोलिसांकडे माहिती दिली जात होती आणि त्या स्त्रियांना अटक होत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हे घटनाबाह्य ठरवले. तोपर्यंत किती बायका भीतीने दवाखान्यात आल्याच नसतील, याचा हिशेब कोणी ठेवणार नाही.

त्याच काळात फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी २२४ बाळांचा अभ्यास हाती घेतला. साधारण निम्मी गर्भात कोकेन पोचलेली, निम्मी न पोचलेली, आणि सगळी गरीब वस्तीतली. वीसेक वर्षे त्यांनी ही मुले पाहिली. दोन्ही गटांच्या बुद्ध्यंकात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पण दोन्ही गट सर्वसाधारण मुलांच्या मागे होते. गरिबीने, वस्तीतल्या हिंसेने त्यांना मागे ठेवले होते, आणि ज्या घरात मुलाशी बोलणारे, त्याला जवळ घेणारे माणूस होते तिथली मुले बरी होती. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच, की सगळा दोष आईच्या एका सवयीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. मिश्रीबाबतही हा प्रामाणिकपणा ठेवायला हवा. मुलाचे चंचलपण, लक्ष न लागणे यांचा तंबाखूशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण त्यात घरची परिस्थिती, आनुवंशिकता आणि आईचे अपुरे अन्न किती मिसळलेले आहे, हे एकमेकांपासून वेगळे काढणे सोपे नाही. कमी वजन, अपुरे दिवस आणि मृत जन्म यांचा पुरावा मात्र पक्का आहे, आणि अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे मूल विकासात मागे पडण्याचा धोका आपण सगळे रोज पाहतो.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात गरोदरपणी मिश्री लावलेली आई येते. चार वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नाही. ते मूल टेबलावरचे पेन घेते, टाकते, पुन्हा घेते, आणि आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत विचारते, "डॉक्टर, माझ्यामुळं झालं का हे?" मी तिला खरे ते सांगतो. एका मुलाबद्दल असे सांगता येत नाही. झाले ते झाले, पण या वयात मेंदू अजून घडतो आहे, त्याच्याशी बोलत राहा, कान तपासून घ्या, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव घाला. आणि पुढच्या खेपेला दिवस राहायच्या आधीच मिश्री सोडा. अंगावर पाजणे मात्र थांबवू नका. निकोटिन दुधात उतरते हे खरे, पण त्यावर उपाय मिश्री सोडणे हा आहे, दूध तोडणे नव्हे.

सवय सुटते का? सुटते. डॉ. आशा प्रतिनिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिश्री लावणाऱ्या गरोदर स्त्रियांवर केलेले काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. समजावून सांगितल्यावर ज्यांनी मिश्री सोडली किंवा कमी केली, त्यांच्या बाळंतपणातले नुकसान कमी झाले. पण 'सोडा' एवढे म्हणून भागत नाही. सोडल्यावर डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. त्यासाठी पाणी, भाजी-भाकरी, दुखऱ्या दाढेवर उपचार हे हातात द्यावे लागते. सासूला सोबत बसवावे लागते, कारण डबी बहुधा तिचीच असते. दारूची किंवा अफूच्या वर्गातल्या औषधांची जुनी सवय असेल तर मात्र एकदम तोडायला सांगू नका. ते आई आणि बाळ दोघांना धोक्याचे आहे, तिला देखरेखीखालीच उपचार द्या.

माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका तुमच्यासमोर येतात. येत्या ९ तारखेपासून 'व्यसन आहे का' हा प्रश्न बंद करा. 'सकाळी दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? घरात मिश्री कोण भाजते?' असे विचारा. गावोगावच्या आशा सेविकांनी हेच अंगणात बसून, कपाळाला आठी न घालता विचारावे. उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहा, पुढच्या तपासणीला पुन्हा विचारा, आणि तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक त्याच कार्डावर लिहून द्या. खरे सांगणाऱ्या बाईला एकही टोचणारा शब्द ऐकावा लागणार नाही, याची जबाबदारी आपली प्रत्येकाची आहे. पुढच्या अधिवेशनाला येताना आपापल्या केंद्राची ही नोंद सोबत आणा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.