पहिली दहा मिनिटं आपली
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेलं भाषण)



नाटक, गाणी, पुरणपोळीचं जेवण अशा आनंदाच्या कार्यक्रमात दहशतवादाचा विषय कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. पण मुंबईकराला हा विषय नवा नाही. १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्या संध्याकाळी रुळांशेजारच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींचीच स्ट्रेचर झाली. रुग्णवाहिका पोचण्याआधी शेजारी पोचले होते.

मग २६ नोव्हेंबर २००८. समुद्रातून आलेल्या दहा जणांनी शहर तीन दिवस वेठीला धरलं. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमाराला सुरू झाला आणि एनएसजीचे कमांडो दुसऱ्या दिवशी सकाळी कारवाईला उतरले. तोपर्यंतची रात्र काढली ती आपले पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, हॉस्पिटलमधले कर्मचारी आणि साध्या माणसांनी. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल हाताने धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. ते आपल्या सर्वांना माहीत आहे. आज मला आणखी दोन माणसांची आठवण करून द्यायची आहे.

सीएसटी स्टेशनवर विष्णू झेंडे हे उद्घोषक होते. गोळीबार दिसताच त्यांनी माइक सोडला नाही. लोकलने येणाऱ्या प्रवाशांना ते सांगत राहिले, की पुढे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे या नर्सकडे वीस गरोदर बायका होत्या. त्यांनी वॉर्डचे दरवाजे लावले, दिवे बंद केले आणि सगळ्यांना टोकाच्या छोट्या पँट्रीत नेलं.

या दोघांच्या हातात शस्त्र नव्हतं. पण कुठून बाहेर पडता येतं, कुठली खोली आडोशाची आहे आणि आपल्या जबाबदारीवर किती माणसं आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते तयारी म्हणतात ती हीच.

त्या हल्ल्यानंतर सरकारने बरंच केलं. एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, राज्याचं फोर्स वन पथक उभं राहिलं, एनआयए स्थापन झाली. आज ११२ या एकाच नंबरवर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका मिळते. तरी गाडी आपल्या गेटपर्यंत येईतो पहिली दहा मिनिटं आपलीच असतात. आणि आली तरी आत वळेल का? आपल्या ड्राइव्हवेत रात्री दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, हे मी वेगळं सांगायला नको.

आता एक कबुली देतो. मागच्या मॉक ड्रिलला पाचव्या मजल्याची यादी माझ्याकडे होती. सायरन वाजला, आम्ही सगळे हसत-बोलत खाली आलो. मी हात वर करून सांगितलं, "पाचवा मजला, सगळे आले." टाळ्या झाल्या, चहा झाला. वर गेल्यावर लक्षात आलं, की आमच्याच मजल्यावरच्या एक आजी, ज्यांना उठता येत नाही, त्या घरातच होत्या. सोबतची बाई औषधं आणायला गेली होती. आजी म्हणाल्या, "अरे, भोंगा ऐकला मी. म्हटलं, कोणीतरी येईल." तो सराव होता म्हणून आज मी इथे उभा राहून हे सांगू शकतोय.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक मजल्याची यादी करू या. त्यात कोणाला उचलून न्यावं लागेल, ते आधी लिहू आणि उचलणाऱ्या दोघांची नावं शेजारी लिहू. जिने आणि रेफ्यूज एरिया मोकळा ठेवू. तिथली जुनी कपाटं या महिन्यात निघाली पाहिजेत. गच्चीची किल्ली आणि मेन स्विच कुठे आहे, हे वॉचमनलाच नाही, तर प्रत्येक घरातल्या एकाला तरी माहीत हवं. अग्निसुरक्षा यंत्रणेची जानेवारी आणि जुलैतली तपासणी कागदापुरती नको. बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, लोकांना लांब न्या, ११२ ला फोन करा. कोणाला रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

आणि दोन गोष्टी टाळू या. २००८ मध्ये टीव्हीवरचं थेट चित्रण हल्लेखोरांचे सूत्रधार पाहत होते. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. अशा वेळी व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. दुसरं, सावध राहायचं म्हणजे आडनाव किंवा कपडे बघून संशय घ्यायचा नाही. बेवारस वस्तू बघा, विचित्र वागणं बघा. शेजाऱ्याशी बोलणं तुटलं, तर वेळेला हाक कोणाला मारणार?

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या लग्नांना गेलो, खांदेही दिले. आता एकमेकांच्या यादीत नाव घालू या. पुढचं ड्रिल येत्या महिन्यात आहे. त्या दिवशी मी पाचव्या मजल्यावरून सगळ्यांत शेवटी उतरेन, आणि आजींना घेऊनच उतरेन.