हिरवी अक्षरं बघून थांबू नका

आमच्या सेलूत कापसाचा हंगाम लागला की जिनिंगबाहेर गाड्यांची रांग लागते. अशात लाइन गेली, परत आली, सर्व्हरही उठला. पण सर्व्हरची तब्येत कळवणारी प्रोसेस उठली का, हे कोण बघतं? पुढे कधी डिस्क भरून काट्याची नोंद अडली, की ते गाडीवाल्यांच्या ओरड्यातून कळतं!

लिनक्सवर ही प्रोसेस म्हणजे एसएनएमपीडी. 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' दिलं की ती सुरू होते, पण आत्तापुरतीच. रीबूटनंतर आपोआप उठायला हवी तर 'एनेबल'ही द्यावं लागतं.

मग 'स्टेटस' बघायचं. हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह, रनिंग' येतं. माझं तेवढ्यावर समाधान होत नाही. उबुंटूत ही प्रोसेस मुळात १२७.०.०.१ वरच ऐकते, म्हणजे घरातल्या घरात गप्पा! म्हणून दुसऱ्या मशीनवरून 'एसएनएमपीवॉक' चालवा. टाइमआउट आला तर कॉन्फिगमधला एजंट अ‍ॅड्रेस बदला, फायरवॉलमध्ये यूडीपी १६१ उघडा (सगळ्या जगाला नाही हं, फक्त देखरेखीच्या मशीनला) आणि रीस्टार्ट द्या.

उत्तर आलं? आता सर्व्हर मुद्दाम रीबूट करा आणि पुन्हा वॉक चालवा. हे सगळं हंगामाआधी, काटा रिकामा असताना.