बर्फाखालचा प्रकाश

हिंगोली जिल्ह्यांत कळमनुरी तालुक्यामध्यें डोंगरकडा नांवाचें एक गांव आहे. नकाशा पुढें घेऊन या गांवापासून थेट दक्षिणेकडे एक सरळ रेघ ओढावी. ती बंगळूर शहराजवळून जाऊन कन्याकुमारीपाशीं भूमि सोडते. त्यानंतर पाणी, पाणी आणि पाणीच. हिंदी महासागराच्या मध्यभागीं ॲमस्टरडॅम आणि सेंट पॉल हीं दोन चिमुकलीं बेटें तेवढीं वाटेंत लागतात. तीं सोडलीं तर ही रेघ थांबते ती अंटार्क्टिका खंडाच्या बर्फाळ किनाऱ्यालाच. जेथें ती थांबते तेथून थोड्याच अंतरावर २०१२ सालापासून आपल्या देशाचें ‘भारती’ हें संशोधन-केंद्र उभें आहे. डोंगरकडा ते भारती हें अंतर सुमारें दहा हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ बरोबर चौथा भाग भरतें.

हा नकाशावरचा नुसता खेळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या देशाच्या दक्षिणेस दुसरी भूमि नाहीं, म्हणूनच जून महिन्यांत दक्षिण गोलार्धांतून निघालेले वारे, मॅस्करीन बेटांच्या परिसरांतून निघून, विषुववृत्त ओलांडून, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळण घेऊन पाण्यानें भरलेले आमच्याकडे येतात. डोंगरकड्याच्या परिसरांतल्या केळीच्या बागा काय किंवा हळदीचे मळे काय, त्यांचें पाणी शेवटीं त्या दक्षिण समुद्रावरून आलेल्या वाऱ्याचेंच देणें आहे. तेव्हां त्या समुद्राच्या अगदीं टोकाला, बर्फाच्या कांठीं, काय घडत असतें हें पाहावयास आपल्यापैकीं कोणी गेलें असेल, तर तें कशासाठीं गेलें, हें जाणून घेणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

डॉ. अदिती पंत यांचें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल. डिसेंबर १९८३ मध्यें गोव्याहून ‘फिनपोलारिस’ या जहाजानें तिसरी भारतीय अंटार्क्टिका मोहीम निघाली. डॉ. हर्ष गुप्ता हे तिचे नेते होते. तींत दोन स्त्रिया होत्या. एक कलकत्त्याच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, आणि दुसऱ्या अदिती पंत. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. ‘पहिल्या’ हा शब्द आम्हांला फार प्रिय आहे. एकदां तो उच्चारला कीं सत्कार होतो, छायाचित्र छापून येतें, शाळेंतल्या मुलांना पाठ करावयास एक प्रश्न मिळतो. आणि मग त्या व्यक्तीनें तेथें जाऊन काम काय केलें, हें विचारावयाचें राहूनच जातें. अदितीबाई बर्फावर उभ्या राहावयास गेल्या नव्हत्या. त्या समुद्राचें पाणी तपासावयास गेल्या होत्या.

त्यांचा जन्म नागपूरचा. वडील अप्पासाहेब पंत हे नामांकित मुत्सद्दी, आणि आजोबा म्हणजे सूर्यनमस्कारांच्या प्रसारानें सर्वांस ठाऊक असलेले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. (हें औंध सातारा जिल्ह्यांतलें, डोंगरकड्याच्या बाजूचें नागनाथाचें औंढा निराळें.) पुणें विद्यापीठाच्या त्या बी. एस्‌सी. विद्यार्थिदशेंत ॲलिस्टर हार्डी यांचें ‘दि ओपन सी’ हें पुस्तक त्यांच्या हातीं आलें, आणि पुढील आयुष्याची दिशा ठरली. हे हार्डी स्वतः १९२५ ते १९२७ या काळांत ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत देवमाशांचें भक्ष्य शोधीत हिंडले होते. म्हणजे त्या समुद्राचें बोलावणें पुण्यांतल्या या मुलीला एका ग्रंथाच्या द्वारें आलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ति मिळवून त्या हवाई विद्यापीठांत गेल्या. तेथें त्यांनीं हातीं घेतलेला प्रश्न वरवर पाहतां फार साधा दिसतो. समुद्राच्या वरच्या थरांत साध्या डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पति तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. जमिनीवर जें काम गवत करतें तेंच काम समुद्रांत हे कण करतात : सूर्यप्रकाशाच्या साह्यानें पाण्यांतला कर्बवायु घेऊन अन्न घडवितात. समुद्रांतले बहुतेक सारे प्राणी शेवटीं याच अन्नावर जगतात. आतां उष्ण कटिबंधांत प्रकाश मुबलक. तर मग तेथें या वनस्पतींची चंगळ असावी. प्रत्यक्षांत तसें नसतें. भर दुपारीं पृष्ठभागावरचा प्रकाश इतका प्रखर होतो कीं त्यांचें अन्न घडविण्याचें काम मंदावतें, आणि खालच्या सौम्य उजेडांत तें अधिक चांगलें चालतें. शिवाय घडविलेल्या अन्नाचा कांहीं अंश त्यांच्या शरीरांतून पाझरून पाण्यांतल्या जीवाणूंच्या मुखीं जातो. तो किती, याचाही हिशेब त्यांनीं मांडला. पुढें लंडन विद्यापीठाच्या वेस्टफील्ड कॉलेजांत सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर प्रबंध लिहून त्या डॉक्टर झाल्या.

स्वदेशीं परतल्यावर गोव्यास दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत त्यांनीं सतरा वर्षें घालविलीं. पहिलीं कांहीं वर्षें वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंतचा सारा पश्चिम किनारा पालथा घालण्यांत गेलीं. या कामाबद्दल फारसें कोणी बोलत नाहीं. किनाऱ्यावर चिखल तुडवीत पाण्याच्या कुप्या भरणें यांत वर्तमानपत्रांना रस वाटावा असें काय आहे?

आणि मग १९८३ चा तो प्रवास. प्रश्न तोच होता, परिस्थिति मात्र नेमकी उलटी. विषुववृत्ताजवळ प्रकाश अति होतो. ध्रुवाजवळ तो दुर्मिळ. हिवाळ्यांत सूर्य उगवत नाहीं, आणि उगवला तरी समुद्रावर गोठलेला बर्फ, त्यावर साठलेलें हिम. त्यांतून खालच्या पाण्यापर्यंत प्रकाशाचा शेंकडा एखाददुसरा अंशच पोहोंचतो. तरीही बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शेवाळाचा थर धरलेला आढळतो. तो थर हें क्रिल नांवाच्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या जीवांचें हिवाळ्यांतलें खाणें, आणि क्रिलवर पेंग्विन, सील व देवमासे जगतात. एवढा मोठा प्राणी एवढ्या थोड्या उजेडावर पोसला जातो!

हें मोजावयाचें कसें? सागरशास्त्रज्ञांची रीत अशी : निरनिराळ्या खोलींवरून पाणी वर काढावयाचें, तें कुप्यांत भरून त्यांत किंचित् किरणोत्सर्गी कार्बन मिसळावयाचा, कांहीं कुप्या उजेडांत व कांहीं काळोखांत ठेवावयाच्या. कांहीं तासांनीं तें पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीवर गाळावयाचें, आणि गाळणीवर राहिलेल्या वनस्पतींनीं त्या कार्बनाचा किती भाग गिळला हें उपकरणानें पाहावयाचें. दुसऱ्या गाळणीवरचें हरितद्रव्य वेगळें मोजावयाचें. डोलणाऱ्या जहाजावर, बोटें बधिर करणाऱ्या थंडींत, हें काम पुनःपुन्हां करावयाचें असतें. अशा कामासाठीं अदितीबाई पुढें पांचव्या मोहिमेंतही गेल्या.

त्या काळीं क्रिल हें मानवजातीचें भावी अन्न होईल काय, अशी चर्चा जगभर चालू होती. शेतकऱ्यास हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाहीं. कुरणांत किती गवत उगवतें हें ठाऊक नसतां त्यावर किती गुरें सोडावीं हें कोण सांगणार? समुद्राच्या बाबतींत तें गवत मोजण्याचें काम कोणीं तरी करावयास हवें होतें, आणि तें करणाऱ्या थोड्या लोकांत आमच्या या बाई होत्या.

आज त्याच मोजणीकडे आणखी एका दृष्टीनें पाहिलें जातें. मनुष्यानें हवेंत सोडलेला जो कर्बवायु जगांतले सारे समुद्र मिळून शोषितात, त्यांतला सुमारें ४० टक्के वांटा एकटा दक्षिण महासागर उचलतो. त्यांतील पुष्कळसा वायु थंड पाण्यांत नुसताच विरघळतो. कांहीं भाग मात्र हे हिरवे कण घेतात. मौज अशी कीं या समुद्रांत खताचीं द्रव्यें विपुल असूनही वनस्पति मानानें थोड्याच उगवतात. उणीव असते ती लोहाची. मग लोह टाकून पीक वाढवावें, म्हणजे हवेंतला कर्बवायु समुद्राच्या तळाशीं जाऊन बसेल, असा एक विचार निघाला. २००९ सालीं गोव्याच्या त्याच संस्थेनें जर्मन शास्त्रज्ञांसह ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्यें ३०० चौरस किलोमीटर पाण्यावर हा प्रयोग करून पाहिला. वनस्पति वाढल्या, परंतु सूक्ष्म प्राण्यांनीं त्या फस्त केल्या, आणि तळाशीं गेलें तें नांवापुरतेंच. माझ्या मतें असें नकारार्थी उत्तर मिळणें हें देखील मोठें मोलाचें असतें. त्यानें एक महागडी आशा वेळींच आवरली.

गोव्यानंतर डॉ. पंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आल्या, आणि तेथें पंधरा वर्षें खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या पाचक द्रव्यांचा अभ्यास करीत राहिल्या. तिसऱ्या मोहिमेंत उभारलेलें ‘दक्षिण गंगोत्री’ हें केंद्र तरंगत्या हिमस्तरावर होतें. तें हळूहळू हिमांत गाडलें जाऊन १९९० सालीं सोडून द्यावें लागलें. त्याआधींच, १९८९ मध्यें, खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ केंद्र सुरू झालेलें होतें.

त्या खंडाभोंवतीं दर हिवाळ्यांत गोठणाऱ्या समुद्राचें क्षेत्र सामान्यतः सुमारें १८० लाख चौरस किलोमीटर होत असे, म्हणजे भारताच्या पांचपटींहून अधिक. २०२३ सालच्या सप्टेंबरांत तें १७० लाखांच्याही किंचित् खालीं राहिलें. उपग्रहांनीं १९७९ पासून ठेवलेल्या नोंदींत इतकी कमी मर्यादा पूर्वीं कधीं आढळली नव्हती. जेथें बर्फाचें छप्पर असे तेथें आतां पाण्यावर थेट उजेड पडतो. पण त्याबरोबरच बर्फाच्या पोटाशीं धरणारा तो तपकिरी थरही नाहींसा होतो. क्रिलला या घडामोडींत अधिक मिळेल कीं कमी, हें पाहण्यासाठीं तेथें जाणारीं जहाजें अजून तशाच कुप्या भरीत आहेत, आणि तशाच गाळण्यांवर पाणी गाळीत आहेत.