मूळ आणि प्रत

राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस रंगीत शिळाछापाचा कारखाना काढला आणि राजदरबारीं मिरवणाऱ्या या चित्रकाराच्या लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या देवघरांत आल्या. यंत्रानें चित्र सर्वांचें केलें. मूळ तैलचित्र मात्र एकाचेंच राहिलें.

मार्च २०२१ मध्यें बीपल या अमेरिकन चित्रकाराची ५,००० चित्रांची जुळणी ख्रिस्तीजच्या लिलावांत सुमारें ६ कोटी ९३ लक्ष डॉलरांना गेली. संगणकावर जन्मलेल्या या कृतीस मूळ पटच नाहीं. ती कोणींही पाहावी, उतरून घ्यावी. संग्राहकास लाभली ती मुख्यत्वें ब्लॉकचेन नांवाच्या सामायिक वहींतील मालकीची नोंद.

परंतु नोंद सांभाळणें म्हणजे चित्र सांभाळणें नव्हे. साधें छापील चित्र भिंतीस लावून जो तें रोज डोळे भरून पाहतो, तोहि संग्राहकच होय.